पानगळ

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. प्राणिशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर एक शब्द लिहिला, ‘अपॉप्टॉसिस’. मूळ ग्रीक शब्द. अर्थ, पाने गळणे. खिडकीबाहेर आवारातल्या पिंपळाची पाने गळतच होती. १९७२ साली केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी पेशींच्या एका विशिष्ट मरणाला हे नाव दिले. बेडकाच्या पिलाची शेपटी जाते, गर्भातल्या बाळाच्या बोटांमधला पडदा विरून बोटे सुटी होतात, ती या मरणामुळे. पेशीच्या आतच मरणाची तरतूद असते. ठरल्या वेळी ती आक्रसते, तिचे बारीक तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. ना सूज, ना दाह. मरण इतके शहाणे असते, याचे मला नवल वाटले.

जाता जाता सर म्हणाले, “एचआयव्हीत या मरणाचे काय होते, ते उद्या पाहू.” मी वहीतून मान वर केली नाही. कारण आमच्या घरात होते.

माझे थोरले काका लॉरीवर ड्रायव्हर होते. माझ्या जन्माआधी, २००१ साली ते गेले. “पोटाचं दुखणं होतं,” एवढेच घरात सांगत. माळ्यावर मात्र त्यांचे नाव कोरलेले स्टीलचे ताट फडक्यात बांधून ठेवलेले होते. ते कुणी वापरत नसे. खरे कारण मला बारावीनंतर कळले.

दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितले ते असे. आपल्या रक्तात सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. एचआयव्ही त्यांच्यात शिरतो. संख्या २०० च्या खाली गेली की एड्स म्हणतात. मला वाटे, विषाणू एकेक पेशी खात सुटतो. पण १९९५ साली लसिका ग्रंथी तपासल्या, तेव्हा दिसले की मरणाऱ्या पेशी बहुतांशी विषाणू वाढवणाऱ्या नव्हतेच. त्या शेजारच्या होत्या. पुढे २०१४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेतल्या संशोधकांनी याचा उलगडा केला. या शेजारच्या पेशी विश्रांतीत असतात. विषाणू त्यांच्यात शिरतो, पण त्याची नक्कल अर्धवटच राहते. त्या अर्धवट तुकड्यांचा सुगावा लागताच पेशी घाबरून स्वतःच फुटते. ही पानगळ नव्हे, हा जाळ. याचे नाव पायरॉप्टॉसिस. त्यांच्या प्रयोगांत लसिका ऊतींतल्या सुमारे ९५ टक्के पेशी अशा मेल्या. शांत अपॉप्टॉसिसने थोड्याच. आणि फुटलेल्या पेशीतून दाह पसरतो, त्याने आणखी सीडी-४ पेशी तिथे ओढल्या जातात आणि त्याही त्याच वाटेने जातात. चोराने नेले त्याहून अधिक, चोराच्या भीतीने घरातल्यांनीच जाळावे, तसे हे.

मला माळ्यावरचे ताट आठवले. काकांना वेगळी खोली, वेगळे ताट, हाक मारायची ती दारातूनच. ताटाने, पाण्याने, हाताच्या स्पर्शाने हा रोग होत नाही. पण त्या भीतीने शेवटचे वर्ष काकांशी कुणी धड बोलले नाही. विषाणूने जे नेले ते नेलेच. उरलेले आम्ही घालवले.

सरकारी दवाखान्यांतून मोफत औषधे मिळू लागली ती २००४ च्या एप्रिलपासून. काकांना तीन वर्षे कमी पडली. आज वेळेवर गोळ्या सुरू केल्या आणि रोज घेतल्या, तर विषाणूची वाढ थांबते आणि माणूस इतरांइतकाच जगू शकतो.

सुटीत मी हे सारे आजीला सांगितले. पेशी, विषाणू तिला कितपत कळले, कोण जाणे. ताटाचे मात्र कळले. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “तेव्हा आम्हाला कोण सांगितलं नाही बघ.”

संध्याकाळी मी ताट खाली काढले, राखेने घासले आणि रात्री त्यातच जेवलो. आजीने समोर बसून वाढले. जेवण होईपर्यंत ती उठली नाही.

आपल्यापैकी आणखी कुणाच्या माळ्यावर असे ताट असेल, तर त्याने ते खाली काढावे. एवढ्यासाठीच हे लिहिले.