वायरीची लांबी आणि वायरीची वाट

व्यापाऱ्याच्या घरात मोजमापाला मान असतो. परंतु काय मोजावे हेच चुकले, तर अचूक मापही दिशाभूल करते. सांगलीतील एका हळद व्यापाऱ्याच्या घरी असेच घडले. तळमजल्यावर पेढी, वर बिऱ्हाड. राउटर वरच्या दिवाणखान्यात आणि तेथून पेढीच्या संगणकापर्यंत सुमारे २५ मीटर इथरनेट केबल. महिनाअखेरीस हिशेब पाठविताना जोडणी वारंवार तुटू लागली. आप्पांनी वायरीच्या लांबीला दोष दिला. थोरल्या चिरंजीवांनी आपल्या मुलाच्या मोबाइलवरील खेळांना. दहावीतला तो मुलगा आठ दिवस मुकाट्याने बोलणी ऐकत राहिला.

लांबीचा दोष नव्हताच. तांब्याच्या या केबलला एकूण १०० मीटरपर्यंत मुभा असते: भिंतीतील पक्की वायर ९० मीटर आणि टोकांच्या जोडवायरी मिळून १० मीटर. या मर्यादेत २ मीटर काय नि २५ मीटर काय, वेगात फरक जाणवत नाही. संदेशाला मीटरमागे सेकंदाचे सुमारे ५ अब्जांशच लागतात.

महत्त्व असते ते वायरीच्या वाटेला. केबलमध्ये आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात. बाहेरील विजेचा उपद्रव जोडीतील दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच होतो. पलीकडे दोहोंतील फरक तेवढा वाचला जात असल्याने तो उपद्रव वजा होतो. केबल चेपली, मुडपली किंवा विजेच्या वायरीला लांबवर समांतर बांधली, की हा समतोल ढळतो.

अखेर मुलानेच वायरीचा माग काढला. तिजोरी सरकविताना तिचा पाय केबलवर आला होता. एक जोडी तुटल्याने १,००० मेगाबिटची जोडणी १०० वर उतरली होती. दुसऱ्या जोडीतील एक तार कधी जुळे, कधी सुटे. चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी गत झाली होती!

शुद्ध तांब्याची नवी केबल विजेच्या वायरीपासून वीतभर अंतर राखून टाकली. जेथे ती ओलांडणे भाग होते, तेथे काटकोनात ओलांडली. वळणावर केबलच्या जाडीच्या चौपटीहून अधिक गोलाई ठेवली. वाट ३२ मीटरांची झाली, तरी जोडणी पुन्हा १,००० वर आली. वडिलांनी मुलाला शब्दाने काही म्हटले नाही. त्या सायंकाळी पेढीच्या गादीवर शेजारी बसवून घेतले.

जोडणी मंदावली, तर प्रथम संगणकावर १०० दिसते की १,०००, हे पाहावे. मग वायरीच्या वाटेने टोकापर्यंत जावे. माणसाला बोल लावण्याची घाई करू नये.