सत्तराव्या मिनिटानंतर आपण दरवर्षी का हरतो?

राजेहो, यंदाही हरलो. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेत आपल्या कॉलेजचा संघ दुसऱ्याच फेरीत बाहेर पडला. स्कोर ३-१. ग्रुपवर नुसता निकाल वाचलेल्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो, मध्यंतराला आपण १-० असे पुढे होतो. सत्तराव्या मिनिटापर्यंत तसेच होतो. पुढच्या वीस मिनिटांत तीन गोल खाल्ले.

शेवटची शिटी वाजायच्या आत ग्रुपवर सुरू झालं. "याले गोलात कोणी उभं केलं बे?" "पोट्ट्यांच्या अंगात दमच नाही." "पुढच्या वर्षीपासून फुटबॉल बंद करा, ते पैसे कबड्डीले द्या." हे शेवटचं वाक्य गमतीत आलेलं नव्हतं. कॉलेजात खरंच तसा विचार सुरू आहे, असं दोन-तीन ठिकाणांहून कानावर आलंय. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

कॉलेजचं नाव मुद्दाम टाकत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बाकीच्यांनी आपापल्या कॉलेजचं नाव घालून वाचलं तरी यवतमाळ जिल्ह्यात फारसा फरक पडणार नाही.

दहा-बारा वर्षं मी हे सामने बघतोय. पोरं बदलतात, जर्सीचा रंग बदलतो, हरायची पद्धत मात्र बदलत नाही. तीन गोष्टी दरवर्षी त्याच.

पहिली, शेवटच्या वीस मिनिटांत पाय संपतात. समोरचा संघ काही फार ग्रेट खेळायला लागतो असं नाही. आपले बॅक परत यायचे थांबतात. बॉल गेला की दोन्ही हात कमरेवर.

दुसरी, कॉर्नर. यंदाच्या तीन गोलांपैकी दोन कॉर्नरवर आले. सगळे बॉलकडे बघत उभे, माणसाकडे कोणाचंच लक्ष नाही. कीपर रेषेवर खिळलेला. गोलाच्या तोंडाशी बॉल टप्पा पडतो आणि पाच जण एकमेकांकडे बघतात. "तुझा होता ना बे तो!"

तिसरी, एकाच पोरावर सगळी मदार. आपल्याकडे दरवर्षी एक पळणारा असतो. मागून लांब मारायचा, तो पळेल. पहिल्या अर्ध्या तासात समोरच्यांना ते कळायला वेळ लागतो, तेवढ्यात आपला एक गोल होतो. मग ते त्याच्यामागे दोन माणसं लावतात आणि आपली दुकानदारी बंद.

आता या तिन्हीला "पोट्ट्यांमध्ये दम नाही" हे उत्तर देऊन मोकळं होता येतं. पण मी सामन्यानंतर पोरांशी बोललो, आणि जे कळलं ते वेगळंच होतं.

यातली निम्म्याहून जास्त पोरं पहाटे पाचला उठून पळतात. कशासाठी? पोलीस भरतीसाठी. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरातली पोरं आहेत ही. भरती हेच त्यांचं खरं मैदान आहे, आणि त्यात चुकीचं काहीच नाही. पण १६०० मीटर म्हणजे एका लयीत एकदा पळायचं आणि थांबायचं. फुटबॉलमध्ये वीस मीटर जीव तोडून पळायचं, गपकन थांबायचं, वळायचं, परत पळायचं, आणि हे दीड तास करायचं. पळण्याची ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्या पोरांकडे दम आहे, पण तो भरतीचा दम आहे. सामन्याचा दम सामने खेळूनच येतो.

आणि सामने किती खेळतात? इथेच सगळी गोम आहे.

स्पर्धा बाद पद्धतीची. हरलात की वर्ष संपलं. जिल्ह्यात कॉलेजांची लीग नाही. म्हणजे आपला खेळाडू वर्षातून दोन, फार झालं तर तीन खरे सामने खेळतो. तीन वर्षांच्या डिग्रीत सहा-सात. यंदाच्या कॅप्टननं हिशोब करून सांगितलं, "दादा, माझे तीन वर्षांत पाचच झाले." पाच सामन्यांत कोणी कॉर्नरला माणूस धरायला शिकतो का? पुढे असताना बॉल कसा दाबून ठेवायचा, वेळ कसा काढायचा, हे पाच सामन्यांत कळतं का?

त्यात संघ तयार होतो स्पर्धेच्या आठ-दहा दिवस आधी. शारीरिक शिक्षण संचालकाची जागा कित्येक वर्षं रिकामी. तासिका तत्त्वावरचे सर आहेत, मनापासून काम करतात, पण क्रिकेट, कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, ॲथलेटिक्स, सगळं त्यांच्याच माथी. जुलै-ऑगस्टमध्ये सराव करायचा तर आपली काळी माती. एक पाऊस झाला की चार दिवस बुटाला किलोभर चिखल. पाऊस उघडतो तेव्हा सोयाबीन काढणीला आलेलं असतं आणि अर्धा संघ गावाकडे. "घरी मजूर मिळून नाही राहिले जी," असं पोरगं सांगतं, तेव्हा त्याला सरावाला ये म्हणायची हिंमत माझी तरी होत नाही.

ज्या कीपरची ग्रुपवर एवढी थट्टा झाली त्याच्याबद्दलही सांगतो. तो मुळात कबड्डी खेळणारा. उंच आहे म्हणून गोलात उभा केला. गोल म्हणजे ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच जागा, ती झेप घेतल्याशिवाय झाकता येत नाही. आणि आपलं सरावाचं मैदान आहे मुरमाचं. तिथे एकदा झेप घेतली की कोपर नि मांडी सोलून निघते. मग पोरगं काय शिकतं? न पडता गोल अडवायला शिकतं. सामना गवतावर होता, पण शरीराला सवय मुरमाची. तो मला म्हणाला, "पुढं यावं असं डोक्यात होतं, पण पाय जमिनीले चिकटल्यावानी झाले." मला हे त्याच्या भित्रेपणाचं लक्षण वाटत नाही, आपल्या मैदानाचं वाटतं.

अजून एक हिशोब मांडतो. २०१७ साली १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. त्या निमित्तानं १५ सप्टेंबर २०१७ ला राज्य सरकारनं 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' केलं. एकाच दिवशी राज्यभर दहा लाख पोरांनी फुटबॉल खेळायचा. शाळाशाळांत बॉल वाटले, फोटो निघाले. छान झालं. त्या दिवशी जी पोरं सातवीत होती, ती आज डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहेत. आपला कॅप्टन त्यातलाच. बॉलला लाथ मारून फोटो काढल्याचं त्याला आठवतं. त्यानंतर? आठवीत काही नाही. नववी संपता संपता लॉकडाऊन. दहावीचं वर्ष घरात मोबाइलवर, बोर्डाची परीक्षासुद्धा रद्द झाली. खेळाडू घडायचं जे चौदा ते सोळा वय, ते या पोरांचं मैदानाशिवाय गेलं. कॉलेजात आल्यावर त्यांच्या हाती पडले हे पाच सामने. एका दिवसात दहा लाख पोरं मैदानावर आणता येतात, पण एका पोराला पाच वर्षं मैदानावर ठेवायचं काम कोणाच्या यादीतच नाही.

कोणी म्हणेल, आपल्या भागात फुटबॉलचं वातावरणच नाही. बरं, कोल्हापूर बघा. तिथे केएसएच्या वरिष्ठ गटात सोळा संघ आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. नावंच सांगतात की ते गल्लीतून नि तालमीतून उभे राहिलेत. पावसाळा सरला की शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत लीग, मग एकामागून एक स्पर्धा. तिथलं पोरगं एका हंगामात जेवढं खेळतं तेवढं आपलं पोरगं अख्ख्या डिग्रीत खेळत नाही. त्या २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. इतकं लांब कशाला, आपल्या शेजारी नागपुरात हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन 'स्लम सॉकर' उभं केलं. 'झुंड' आपण सगळ्यांनी पाहिला, शिट्ट्या मारल्या. पिक्चर संपला आणि आपण घरी आलो.

आणि विदर्भाच्या मातीत दम नाही म्हणणाऱ्यांना क्रिकेटचं उदाहरण देतो. विदर्भाचा रणजी संघ वर्षानुवर्षं कच्चा लिंबू समजला जायचा. २०१७-१८ ला त्याच संघानं इंदूरमध्ये दिल्लीला हरवून रणजी जिंकली. पुढच्या वर्षी परत. २०२४-२५ ला तिसऱ्यांदा. माती तीच, ऊन तेच. फरक पडला तो अकादमीनं, वयोगटांच्या सामन्यांनी आणि वर्षभराच्या वेळापत्रकानं.

आघाडी घेऊन हरणं हे काही आपलंच दुखणं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारत सिंगापूरविरुद्ध चौदाव्या मिनिटालाच १-० पुढे होता. शेवटी २-१ हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाची आशा संपली. तेव्हा देशातली सगळ्यात मोठी लीग, आयएसएल, करारांच्या घोळात अडकून सुरूच झालेली नव्हती. हरण्याची कारणं आणखीही असतील. पण लीग बंद आणि संघाकडून अपेक्षा मोठी, हे चित्र आपल्या ओळखीचं आहे की नाही?

आता, फुटबॉल बंद करा म्हणणाऱ्यांना सरळ विचारतो. बंद करून कबड्डीला नेमकं काय मिळणार? दोन बॉल, अकरा जर्सी आणि एसटीचं भाडं. क्रीडा शुल्क प्रत्येक विद्यार्थी भरतो, त्यात ही पोरंही आली. आणि या पोरांसाठी ही स्पर्धा म्हणजे नुसती हौस नाही. इथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, पुढे पश्चिम विभाग स्पर्धा असते. कलर कोट मिळाला तर तो घरात खुंटीवर टांगला जातो, पाहुण्यांना दाखवला जातो. आपल्या कॅप्टनचं हे शेवटचं वर्ष होतं. त्याचा कलर कोट त्या वीस मिनिटांत गेला. निदान त्याच्या मागून येणाऱ्या पोरांचं दारच बंद करू नका.

मला कळतं, या जिल्ह्यात कापसाचा भाव हा पहिला प्रश्न आहे, फुटबॉल नाही. पण आपल्याकडचा तरुण पोरगा संध्याकाळी सहा वाजता कुठे असतो, हाही प्रश्नच आहे ना? मैदानावर नसला तर कुठे असतो, ते प्रत्येक बापाला माहीत आहे.

म्हणून चार गोष्टी मागतोय. यातली एकही मोठ्या पैशाची नाही.

१. संघ जुलैतच निवडा. मैदान ओलं असेल तर हॉलमध्ये, पार्किंगच्या सिमेंटवर पाच-पाच जणांचे सामने खेळवा. चिखल सुकायची वाट बघू नका.

२. मैदानाच्या एका कोपऱ्यात ट्रॉलीभर वाळू टाका. कीपरला पडायला शिकू द्या. ही वाळू द्यायला दोन जण आत्ताच तयार आहेत.

३. आठवड्यातून दोन दिवस फक्त कॉर्नर आणि फ्री किक. अर्धा तास पुरतो. कोणी कोणाला धरायचं हे ठरलेलं असलं की "तुझा होता ना बे" बंद होतं.

४. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रविवारची लीग. जानेवारी-फेब्रुवारीत मैदानं कोरडी असतात, ऊन सोसवतं, परीक्षा लांब असतात. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी, घाटंजी, या सहा गावांतून एकेक कॉलेज आलं तरी पुरे. सहा संघ, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना, म्हणजे पंधरा सामने. एका रविवारी तीन धरले तर पाच रविवारांत लीग पूर्ण. प्रत्येक पोराला पाच सामने. आपल्या कॅप्टनला तीन वर्षांत मिळाले तेवढे पाच रविवारांत! जमलं तर पुढच्या वर्षी पुसद-उमरखेड-महागावचा एक गट आणि वणी-मारेगाव-पांढरकवड्याचा दुसरा.

खर्च काय? एसटीचं भाडं, दोन पंच, चुन्याच्या रेषा, पाणी आणि केळी. गणपती-दुर्गोत्सवात आपल्या एका मंडळाच्या डीजेला एका रात्रीत जेवढे जातात, त्यात हे पाचही रविवार निघतील. कोणाला राग आला तर येऊ द्या.

लीग झाली म्हणून पुढच्या वर्षी आपण जिंकूच असं मी म्हणत नाही. अमरावतीचे संघ वर्षभर मैदानावर असतात, ते एका हिवाळ्यात गाठता येणार नाहीत. पण सत्तराव्या मिनिटाला आपले बॅक पळत परत आलेले मला बघायचेत. तेवढं झालं आणि तरी ३-१ हरलो, तर मी ग्रुपवर पहिला टाळ्या वाजवणारा असेन.

आता कामाचं बोला. ज्यांच्या कॉलेजात मैदान आहे त्यांनी सांगा, रविवारी मिळेल का. ज्यांनी पंचाची परीक्षा दिली आहे त्यांनी सांगा. जुने खेळाडू असाल आणि एखाद्या रविवारी पोरांसोबत उभे राहू शकत असाल, तर तेही सांगा. प्राचार्यांना भेटायला पुढच्या सोमवारी अकरा वाजता आम्ही चौघे जातोय. चाराचे चाळीस झाले तर फुटबॉल बंद करायचा विषय त्याच टेबलावर मिटेल.