व्रणांकित प्रभात

पवित्र शनिवारच्या रात्री वसईकडील एका चर्चच्या अंगणात, सारे दिवे मालवलेले असताना, नव्याने चेतवलेल्या अग्नीच्या उजेडात फादरांनी पास्काची ती मनगटाहून जाड मेणबत्ती पुढे घेतली, तिच्यावर क्रूस रेखला, चालू वर्षाचे चार अंक कोरले आणि मग त्या शुभ्र मेणात धुपाचे पाच दाणे एकेक करून खोचले. दोन हातांचे दोन, दोन पायांचे दोन आणि कुशीचा एक, अशा त्या पाच जखमा. आनंदाच्या सर्वांत मोठ्या रात्री आनंदाच्याच प्रतीकाला आधी जखमा कराव्या आणि मगच ते पेटवावे, या क्रमापाशी माझे मन जे अडले ते पुढचे मंगलगान संपेपर्यंत सुटले नाही. त्या गानात मेण तयार करणाऱ्या मधमाश्यांचाही गौरव आहे. जगाच्या त्रात्याची स्तुती गाताना मधमाशीच्या कष्टांची आठवण ठेवणाऱ्या परंपरेविषयी मला फार आदर वाटतो.

ही जागरणाची रात्र मध्ययुगात मागे सरकत सरकत शनिवारच्या सकाळी येऊन बसली होती, आणि पुढे कित्येक शतके रात्रीचे माहात्म्य वर्णन करणारी ती गीते दिवसाच्या उजेडात गाऊन हा विधी उरकला जात असे. 1951 साली पोप बाराव्या पायसांनी तो पुन्हा रात्री करण्याची मोकळीक दिली, आणि 1956 पासून तोच नियम झाला. ही दुरुस्ती मला मोलाची वाटते. ज्याने क्रूसमरणाचा शुक्रवार सबंध सोसला, शनिवारी काहीच घडत नाही हे पाहिले आणि तरीही जो रात्री जागा राहिला, त्याच्या कानी पुनरुत्थानाची वार्ता पडावी, हेच उचित आहे.

कारण शुक्रवार पुसून टाकून रविवार उगवला, असे शुभवर्तमान सांगत नाही. बंद दारांआड भयाने दडलेल्या शिष्यांच्या मध्ये येऊन येशू उभा राहिला तेव्हा त्याने आपली ओळख पटविली ती हात आणि कूस दाखवून, असे योहान लिहितो. आणि आठ दिवसांनी, पाहिल्यावाचून विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या थोमा या शिष्यापुढे त्याने केले तेही तेच. ज्याने मृत्यूला जिंकले त्याला खिळ्यांचे व्रण बुजविणे अशक्य होते काय? तरीही ते राहिले, आणि ख्रिस्ती आशेचे सारे मर्म मला या राहिलेल्या व्रणांत दिसते. झालेले झालेच नाही असा आग्रह ती आशा धरीत नाही. जे झाले तेथेच कथा थांबत नाही, एवढी ग्वाही मात्र ती देते.

कथा तेथेच थांबावी म्हणून बंदोबस्त चोख होता. धर्माधिकाऱ्यांनी रोमन सुभेदार पिलाताकडे अर्ज गुदरला, पिलाताने पहारा मंजूर केला, कबरीच्या दगडावर मोहोर उठली, शिपाई तैनात झाले. मत्तयाने या सगळ्याची नोंद केली आहे. हुकमाच्या बळावर जेवढे करता येते तेवढे सारे झाले. आणि दुसऱ्या बाजूला कोण होते? सुगंधी द्रव्ये घेऊन पहाटे निघालेल्या काही स्त्रिया, ज्यांना वाटेत विवंचना पडली की तो अवजड दगड लोटणार कोण. त्या आशेने निघाल्या नव्हत्या. प्रेताची राहिलेली अखेरची सेवा पुरी करावी म्हणून निघाल्या होत्या. मरिया माग्दालेनाने तर समोर उभ्या असलेल्या प्रभूला बागेचा माळी समजून प्रेताचीच चौकशी केली. त्या काळच्या यहुदी न्यायव्यवहारात स्त्रीची साक्ष सामान्यतः ग्राह्य नसे, आणि खुद्द प्रेषितांनाही त्यांचे सांगणे निरर्थक बडबड वाटले. तरी ती वार्ता पहिल्याने सोपविली गेली ती त्यांच्याच हाती.

पहाऱ्यावरच्या त्या शिपायांचा विचार आला की मला पिएरो देल्ला फ्रांचेस्काचे भित्तिचित्र आठवते. इटलीतील सानसेपोल्क्रो या आपल्या जन्मगावी, नगरसभेच्या वास्तूत, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने ते रंगविले. खाली चार शिपाई गाढ झोपलेले; त्यांतला एक म्हणजे स्वतः चित्रकारच, अशी परंपरा आहे. वर शवपेटीच्या कडेवर एक पाय रोवून ख्रिस्त उभा आहे: अंगावर फिक्या गुलाबी रंगाचे वस्त्र, हातात निशाण, कुशीच्या जखमेपाशी रक्त. एका बाजूची झाडे निष्पर्ण आहेत, दुसऱ्या बाजूची पालवलेली. मुद्रेवर विजयाचा हर्ष नाही. डोळे थेट पाहणाऱ्यावर रोखलेले आहेत, आणि जे पाहून तो आला त्याचे गांभीर्य त्यांत उतरले आहे. हे जगातील सर्वश्रेष्ठ चित्र होय, असा निःशंक निर्वाळा इंग्रज लेखक ऑल्डस हक्सलेने 1925 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासलेखांत दिला. कलाकृतींची अशी क्रमवारी लावणे मला रुचत नाही. पण हा निर्वाळा वाया गेला नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, जर्मन फौज गावात असावी या समजुतीने, सानसेपोल्क्रोवर मारा करण्याचा हुकूम ब्रिटिश तोफखान्याला झाला. तोफांवर टोनी क्लार्क नावाचा तरुण अधिकारी होता. मारा सुरू झाला, आणि या गावाचे नाव आपण कोठे वाचले आहे, हा प्रश्न त्याच्या मनाला टोचू लागला. हक्सलेचा तो लेख त्याने पूर्वी वाचला होता. चित्र मात्र कधी पाहिले नव्हते. आठवण पटताच त्याने तोफा थांबविल्या. जर्मन आधीच निघून गेले होते, हे मागाहून कळले, आणि गावात शिरल्यावर त्याला चित्र शाबूत आढळले. पुढे गावाने एका रस्त्याला त्याचे नाव दिले. त्याने केप टाउनला जाऊन पुस्तकांचे दुकान काढले. या हकिकतीत मला चमत्कार शोधायचा नाही. हाती तोफा आणि पाठीशी हुकूम असताना, न पाहिलेल्या वस्तूवर विश्वास ठेवून एका माणसाने हात आवरला, एवढेच मला पुरेसे वाटते.

यंदा ज्याच्या घरी मृत्यू येऊन गेला असेल, त्याच्याकडे ईस्टरच्या सणाला अवश्य जावे. दुःख विसर, काळ हेच औषध आहे, असे त्याला सांगू नये. उठलेल्या प्रभूनेही आपल्या जखमा झाकल्या नाहीत. त्या दुःखिताच्या घरी जे काम अडले असेल, म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेणे असो की तलाठ्याकडचा वारसनोंदीचा अर्ज असो, ते आपल्या हाताने करून द्यावे. त्या पहाटे त्या स्त्रियाही कामालाच निघाल्या होत्या.