एक बैल इकडं, एक तिकडं

आमच्या घरी एकच बैल होता. शेजारच्या नानांकडंही एकच. दोन्ही घरांत बांधावरून जुनं वैर, आणि पेरणी तर दोघांनाही करायची. त्यामुळं मृगाचा पाऊस पडून रान वापशावर आलं, की आमचा पाखऱ्या आणि त्यांचा हौश्या एका जुवाखाली यायचे, आणि माझे आजोबा, आबा, नि नाना एकमेकांशी अवाक्षर न बोलता दोन्ही रानं पेरून काढायचे. निरोप आम्हा पोरांच्या तोंडून जायचे. आबा मला म्हणत, "त्याला म्हनावं, पाभर जरा हिकडं घे." नाना तीन हातांवर उभे असत. तरी मी पळत जाऊन सांगायची. नाना म्हणत, "सांग तुझ्या म्हाताऱ्याला, ऐकू आलं."

भांडण कशाचं, तर वीतभर बांधाचं. कुणाच्या तरी आज्यानं नांगर धरताना तो कोरला होता म्हणे. कुणाच्या, हे दोन्ही घरांत वेगवेगळं सांगितलं जाई.

खराबवाडीच्या पुढं, तळेगाव–चाकण रस्ता सोडून आत, म्हाळुंग्याच्या शिवेला आमची वस्ती. घरं थोडी, त्यातली निम्मी भावकीतली. मी सांगतेय ते १९८० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांचं. तोवर इंद्रायणीच्या पलीकडं बरंच काही होऊन गेलं होतं. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना १९५४ मध्येच निघाला, मग टेल्को आली, आकुर्डीला स्कूटरी बनू लागल्या, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. आमच्यापर्यंत त्यातलं एवढंच पोचलं, की धाकटा चुलता भोसरीला कामाला जायचा आणि दिवाळीला कंपनीकडून मिळालेला मिठाईचा पुडा आणायचा. पुडा वस्तीभर वाटला जाई. आमच्या वाट्याला बहुतेक चुराच.

अबोला धरणं पुरुषांना परवडत होतं. बायकांना नाही. कांदा काढणीला आला की आई, काकू, नानांची सून, सुतारांची आक्का, सगळ्या एकाच रानात विळे घेऊन ओळीनं काटायला बसत. आज आमचा, उद्या त्यांचा. चाकणचा बाजार शनिवारचा. त्याच्या आत माल गोण्यांत भरून व्हायला हवा, म्हणून शुक्रवारी अंधार पडेपर्यंत हात चालत. कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, कुणाची सासू अंथरुणाला खिळली, सगळ्या बातम्या तिथं. एका वर्षी नानांच्या सुनेचं तान्हं मूल दगावलं. ती महिन्याभरानं काटणीला आली. कांद्यानं सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी, त्यामुळं ती रडतेय का कांदा झोंबतोय, हे कुणालाही विचारावं लागलं नाही. आईनं तिच्या पुढचा ढीग थोडा थोडा आपल्याकडं ओढला, एवढंच.

शनिवारी संध्याकाळी पुरुष बाजारातून यायचे. ज्याची पट्टी बरी आली त्याच्या पिशवीत गोडीशेव असायची. ज्याच्या कांद्याला भाव मिळाला नाही, त्याच्या घरी त्या रात्री कुणी ना कुणी वाटीभर कालवण घेऊन जाई आणि भावाचं नावही काढत नसे.

हे लिहिताना हात जरा आखडतो, कारण असं लिहिलं की जुनी वस्ती गोकुळ वाटायला लागते. ती तशी नव्हती. बैलांची नि हातांची ही देवाणघेवाण, ही सावड, होती ती जमीनवाल्यांची जमीनवाल्यांशी. मातंग वस्तीवरच्या बायका त्याच काटणीला रोजावर यायच्या, थोड्या अंतरावर बसायच्या, आणि त्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जाई. मी स्वतः ओतलंय. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण आजूबाजूला कुणालाच वाटत नव्हतं. एकमेकांवाचून अडत होतं म्हणून आम्ही एकमेकांना धरून होतो. ज्यांच्यावाचून आमचं अडायचं आणि ज्यांना पर्याय नव्हता, त्यांना मात्र वेगळं माप होतं.

आत्याच्या लग्नात नानांनी हौश्याला शिंगं रंगवून, झूल घालून मांडवडहाळ्यांच्या गाडीला जुंपायला पाठवलं. आंब्याच्या, जांभळीच्या डहाळ्यांनी भरलेली गाडी वाजतगाजत मारुतीच्या देवळापर्यंत गेली, तेव्हा बैलाबरोबर नानांचा मुलगा होता. नाना स्वतः ओट्यावर बसून होते. पंगतीलाही आले नाहीत. आजीनं त्यांचं ताट झाकून घरी पाठवलं. ताट परत आलं ते घासूनपुसून, आणि त्यात आत्यासाठी चोळीचा खण.

नव्वदच्या दशकात जमिनी घ्यायला एमआयडीसी कायद्याच्या कलम ३२ च्या नोटिसा येऊ लागल्या. कायदा १९६१ चा, पण आमच्याकडं त्याचं नाव तेव्हा पहिल्यांदा निघालं. तलाठ्याकडं जाऊन आलेला माणूस 'सातबाऱ्यावर शिक्का पडला' असं कुणी गेल्यासारखं सांगायचा. सुरुवातीला सगळे एक होते. मोर्चे निघाले, रस्ता अडवला, मोजणीला आलेल्यांना परत धाडलं. मग एकेकानं संमती दिली. रात्रीतून कुणाच्या तरी दारात नवी मोटारसायकल उभी राहिली की पुढचा कोण, याची चर्चा. आमचं आणि नानांचं रान एकाच भूखंडात गेलं. बांधावरून बुलडोझर फिरला तेव्हा दोघं म्हातारे बघायला गेले होते. दोघांच्या मध्ये कडुनिंबाचं खोड. परतताना वाटेत नाना म्हणाले, "जनावराचं काय करनार?" एवढ्या वर्षांत त्यांनी आबांना थेट विचारलेला हा पहिला प्रश्न. आबा म्हणाले, "इकायचं." पाखऱ्या आणि हौश्या त्याआधीच म्हातारे होऊन गेले होते, हे त्यांच्या जागी आलेले. चाकणच्या बाजारात जोडी म्हणून विकली तर भाव जास्त येतो, म्हणून दोघांनी मिळून विकली आणि पैसे निम्मे-निम्मे घेतले. त्यानंतर त्यांच्यात वैर राहिलं नाही. येणंजाणंही राहिलं नाही. नाना पुढं मुलाबरोबर मोशीला राहायला गेले.

माझा राग आहे तो जमिनीच्या पैशाच्या वाटपावर. आबा गेले, वारसनोंद झाली, त्यात आत्याचं नावही लागलं. जमिनीला किंमत नव्हती तेव्हा बहिणीच्या हिश्शाचा विषय कुणी काढत नव्हतं, तिनंही नाही. रक्कम हातात यायची वेळ आली, तशी राजगुरुनगरला जाऊन हक्कसोडपत्र करायची घाई उडाली. माझे चुलते तिला गाडीत घालून घेऊन गेले. येताना पैठणी घेतली, जेवायला घातलं. २००५ मध्ये कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा दिला. आमच्या भागात तो अंगठा आणि सहीच्या दारातून बाहेर गेला. आत्या सही करून आली आणि मग तिचं माहेरी येणं कमी होत होत थांबलं. भांडली असती तर बरं झालं असतं. भाऊबीजेला माझे वडील तिच्याकडं जायचे. ओवाळायची, निरोप द्यायला मात्र उंबऱ्यापुढं येत नसे.

मिळालेल्या पैशातून आणि उरलेल्या गुंठ्यांवर आम्ही खोल्या बांधल्या. सगळ्यांनीच बांधल्या. दहा बाय दहाची खोली, कोपऱ्यात ओटा, बाहेर सामाईक नळ. कारखाने आले तसे भाडेकरू आले: आधी लातूर, बीड, नांदेडकडचे, मग बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातले. वडील गेल्यावर हा कारभार आईकडं आला. ती शाळा फारशी शिकलेली नाही, पण कुठल्या खोलीत कोण कुठल्या पाळीला जातो, कुणाचा पगार सात तारखेला होतो, कुणाच्या ठेकेदारानं कामावरून काढलं, हे तिला तोंडपाठ. पाण्याचा टँकर आला की पहिल्या पाळीवाल्यांच्या बादल्या ती आधी भरायला लावते, कारण ते पहाटे उठतात. छठला बायका इंद्रायणीवर निघाल्या की ऊस आमच्याकडून जातो. तो विकतचा असतो, पण त्यांना तो मळ्यातला वाटावा म्हणून ती पाला न काढता देते.

गेल्या वर्षी पाच नंबरच्या खोलीतली ओडिशाची मुलगी बाळंत झाली. नवरा दुसऱ्या पाळीला, घरचं कुणी जवळ नाही. आईनं तिला बाजरीची भाकरी, शेपूची भाजी आणि अळिवाची खीर सुरू केली. मुलीच्या आईला तिकडं फोनवर हे दिसलं, आणि तिनं हातवारे करून सुरू केलं की हे उष्ण, हे बाळाला बाधेल, भात द्या. आई मराठीत सांगतेय की भातानं वारा धरतो, ती उडियात सांगतेय ते मला कळलं नाही. फोन धरून बसलेल्या पोरीनं दोघींनाही होकार भरला आणि दुपारी दोन्ही खाल्लं. रोज अकराला फोन यायला लागला. आई तोवर अंघोळ उरकून, पदर नीट करून खोलीत जाऊन बसायची.

सव्वा महिना झाला तशी आईनं बाळाला झबलं-टोपडं केलं, पोरीची ओटी भरली. आणि त्याच आठवड्यात, चाळीतल्या सगळ्यांबरोबर, पाच नंबरचंही भाडं पाचशे रुपयांनी वाढवलं. मी म्हटलं, निदान हिचं तरी राहू दे. तर म्हणाली, "का? लाईटबिल मला कमी येतंय का?"