मुळातले बिऱ्हाड

धर्माबाद म्हटले की लोकांना लाल मिरचीचा बाजार आठवतो. आमच्या रानात मात्र सोयाबीन आणि तूर असते. त्यांच्या मुळाशी बिऱ्हाड करून राहणाऱ्या जिवांची ही हकीकत आहे.

हवेच्या शंभर भागांत नत्र ७८ भाग असतो, पण झाडाला तो तसाच घेता येत नाही. डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर देते आणि ते हवेतला नत्र झाडाला पचेल असा करून देतात. हॉलंडच्या बायरिंक या शास्त्रज्ञाने १८८८ साली हे जिवाणू गाठींतून वेगळे केले. माझ्या आजीला यातले काही ठाऊक नव्हते. पण तुरीमागे रान सुधारते, हे ती सांगत असे.

तुरीचे बिऱ्हाडकरू आपल्या मातीत पूर्वापार आहेत. सोयाबीन मूळचे चीनकडचे. त्याचे बिऱ्हाडकरू आपल्या रानात असतीलच असे नाही. म्हणून पेरणीआधी बियाण्याला जिवाणू खत चोळतात. ब्राझील देशात तर योहाना डोबेराइनर या विदुषीच्या प्रयत्नांमुळे सोयाबीनचे पीक मुख्यतः या जिवाणूंच्याच जोरावर काढतात.

गेल्या मृगात वडिलांनी असे एक पाकीट आणले. त्यांना सहीपुरतेच येते. घरात वाचणारी मीच.

"काय लिहिलंय, वाच की माय."

"दहा किलोला एक पाकीट," एवढे वाचून मी ते बाजूला ठेवले. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळले आणि लवकर वाळावे म्हणून अंगणात भर उन्हात पसरले. 'सावलीत सुकवावे' ही खालची ओळ मी वाचलीच नाही.

श्रावणात वडिलांनी दोन झाडे उपटली. गाठी मोजक्याच, त्याही आतून पांढऱ्या. काम करणारी गाठ आतून गुलाबी असते, कारण तिच्यात आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीचे द्रव्य असते. शेजारच्या रानातल्या गाठी तशा होत्या. "पावडरच खराब दिली त्यानं," म्हणून वडील दुकानदाराशी भांडायला निघाले. मी गप्प राहिले. ते चप्पल घालू लागले, तेव्हा मात्र राहवले नाही; सारे सांगून टाकले.

वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, जित्राब हाय ते. बैलाला आपण भर उन्हात बांधतो का?"

युरियाचे पोते उधारीवर आणावे लागले. ती उधारी दिवाळीपर्यंत घरात बोलत होती.

यंदा मी पाकीट शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचले आणि बी ओसरीत वाळवले. मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वाचणारे आपण एकटेच आहोत. परीक्षेत अर्धा प्रश्न सुटला तर आपलेच गुण जातात. घरी अर्धेच वाचले, तर ते रानाला भोगावे लागते.