राजपुत्र आणि त्याचे पक्षपाती

ललित लेखनाच्या पानांत संगणकावरील खेळांचा विषय आणला, तर आमच्या काही ज्येष्ठ वाचकांच्या कपाळाला आठी पडेल याची आम्हांला कल्पना आहे. परंतु पक्ष घेऊन हिरिरीने भांडणे ही आपल्या भागाची जुनी हौस आहे. कोल्हापूरच्या केशवराव भोसल्यांनी ‘ललितकलादर्श’ काढली ती १९०८ साली, हुबळीत. म्हणजे त्यांचे गाव आणि त्यांच्या कंपनीचे गाव यांच्या वाटेवर बेळगाव येते. पुढे १९२१ साली मुंबईत बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर होऊन ‘संयुक्त मानापमाना’त एकत्र उभे राहिले. त्या रात्री बाजी कोणी मारली याचा निकाल नंतर कित्येक दशके घराघरांत लागत राहिला आणि प्रत्येक घरात तो वेगळा लागला. तेव्हा आम्ही पाच मित्रांनी एका इराणी राजपुत्रावरून वीस-पंचवीस वर्षे वाद घातला, यात परंपरेला सोडून काही घडले असे आम्हांला वाटत नाही.

हा राजपुत्र म्हणजे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो जवळजवळ एकट्याने रचला आणि १९८९ साली तो बाजारात आला. राजवाड्याखालची तळघरे, जमिनीतून अचानक वर येणारे सुळे, पाय पडताच निखळणाऱ्या फरश्या आणि राजकन्येला सोडवायला हाती फक्त एक तास. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला व उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले होते आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल घेतली होती. त्यामुळे त्या इवल्याशा आकृतीला वजन होते. उडी तोकडी पडली की तो बोटांनी काठ पकडून लोंबकळे आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येई.

आमच्यापर्यंत पोचायला त्याला दहा वर्षे लागली. बेळगावातल्या एका संगणक-वर्गात तास संपल्यावर सर अर्धा तास मुलांना यंत्र मोकळे देत, तेथे त्याची ओळख झाली. एका वेळी एकानेच खेळायचा हा खेळ; पण यंत्र एक आणि आम्ही पाच. एकाच्या हातात कीबोर्ड असे आणि बाकीचे चौघे मागे उभे राहून सल्ले देत. “उडी मार की! खेळायलास का झोपायलास?” हा त्यांतला सर्वांत सौम्य. आपल्याकडे पोथी एकजण वाचतो आणि घर ऐकते, तसेच हे होते. खेळणारा एकटा असला तरी राजपुत्र पाचांचा होता, आणि तो मेला तर जाब द्यावा लागे.

या खेळातले एक स्थळ आम्ही आजही विसरलेलो नाही. राजपुत्र आरशातून पलीकडे झेप घेतो तेव्हा त्याची छाया त्याच्यापासून सुटून पळून जाते. पुढे ती तलवार घेऊन वाटेत उभी राहते. तिला घाव घालावा तर रक्त आपलेच कमी होते. आंतरजालावर शोधून पाहण्याची सोय तेव्हा आम्हांला नव्हती, आणि यावर तीन आठवडे चर्चा चालली. शेवटी आमच्यातल्या चिकोडीच्या मित्राने कंटाळून तलवार म्यान केली, छायेनेही केली, आणि दोघे एकमेकांत मिसळून गेले. त्या संध्याकाळी आम्ही घरी जाईपर्यंत फारसे बोललो नाही.

२००३ साली कॅनडातील माँट्रियलच्या चमूने ‘द सँड्स ऑफ टाइम’ काढला. मेकनर त्यात लेखक म्हणून होता. तोपर्यंत आमच्यातले दोघे देवचंद कॉलेजात दाखल झाले होते. हे कॉलेज म्हणायचे निपाणीचे, पण ते आहे अर्जुननगरला, महाराष्ट्राच्या हद्दीत. खेळ चालेल असा संगणक एकाच्या निपाणीतल्या घरी होता. दुसरा अलीकडे अर्जुननगरात एका मित्राच्या खोलीवर. खेळाची जतन केलेली फाईल पेनड्राइव्हवरून या राज्यातून त्या राज्यात ये-जा करी. कर्नाटकात वीज गेल्याने अडकलेला राजपुत्र महाराष्ट्रात पुन्हा पळू लागे. (सीमाप्रश्नाचा एवढा सोयीस्कर उपयोग दुसऱ्या कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.) या खेळात राजपुत्र स्वतःच आपली कथा सांगत असतो. खेळणारा दरीत पडून मेला, की तो म्हणतो, छे, असे घडलेच नव्हते. आणि कथा मागून पुन्हा सुरू होते. निरूपणाच्या ओघात बुवा चुकून पुढचे बोलून गेले की थांबतात आणि मागचा धागा धरतात, तसे हे आम्हांला अगदी ओळखीचे वाटले.

वादाला खरे तोंड फुटले ते पुढल्याच वर्षी. २००४ च्या ‘वॉरियर विदिन’मध्ये तोच राजपुत्र गुरगुरत, शिव्या देत, कर्कश गिटारींच्या साथीने शत्रूंची मुंडकी उडवीत अवतरला. निपाणीच्या मित्राने पहिल्याच दिवशी जाहीर केले, की हा तो नव्हे, त्याचे कपडे घातलेला कोणी भलताच आहे. बेळगावचे दोघे म्हणाले, माणूस मोठा होतो, सोसतो, बदलतो. आणि लढाई पूर्वीपेक्षा पुष्कळच चांगली झाली आहे. मेकनरने स्वतः या रक्तपाताविषयी उघड नापसंती दाखवली हे कळल्यावर निपाणीकरांना जणू शंकराचार्यांचा कौल मिळाला. २००८ च्या भागाने तर तत्त्वज्ञानच काढले. त्यात राजपुत्र मरतच नाही. तो खाली पडू लागला की एलिका नावाची सोबतीण त्याचा हात धरून वर काढते. मरण नसेल तर उडीला अर्थ काय, असा एक पक्ष. पूर्वी तरी काय, मेलो की पुन्हा तेथूनच सुरू करीत होतो, मग ती एलिका नव्हती तर कोण होते, असा दुसरा. आम्हांला दुसरा पक्ष तेव्हाही बिनतोड वाटला आणि आजही वाटतो. पण काठाला बोटे अडकवून लोंबकळताना पोटात येणारा गोळा मात्र त्या खेळात आला नाही, हेही खरे.

नाव तेच आणि आतला माणूस दुसरा, याचा त्रास आम्हां सीमाभागातल्यांना अंमळ अधिक का व्हावा? आमच्याकडे गोष्ट उलटी आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी पाट्यांवर ‘बेळगावी’ आले आणि पाटीमागचे गाव जागच्या जागी राहिले. असो, तो विषय येथे नको.

दरम्यान धाकट्या भावंडांच्या हाती पबजी आला होता. पाच घरांत पाच मोबाईल, आणि रात्री कानाला यंत्रे लावून सगळे एकाच मैदानात. आमचे राजपुत्राचे भांडण ऐकून ती हसत. एकट्याने काय खेळायचे, हा त्यांचा प्रश्न होता. आम्ही त्यांना संगणक-वर्गाची गोष्ट सांगून पाहिली, तिचा उपयोग झाला नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीवर बंदी घातली आणि घरे एकदम शांत झाली. आठच दिवसांनी, १० सप्टेंबरला, ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्याने घडवला जात असल्याची घोषणा झाली. आणि तो घडवीत होते कोण? युबिसॉफ्ट कंपनीचे पुणे आणि मुंबई येथील चमू!

बेळगावच्या मुलांना नोकरीसाठी पुणे किती जवळचे आहे हे सांगायला नको. आमच्यातले दोघे तेथेच आहेत. घोषणेबरोबरची चित्रे जगाने पाहिली आणि हे चेहरे दहा वर्षांपूर्वीच्या खेळातले दिसतात म्हणून टर उडवली. आता गंमत पाहा. ‘वॉरियर विदिन’ला वाळीत टाकणारा आमचा निपाणीचा कठोर टीकाकार एका रात्रीत वकील झाला. “आपल्या पोरांनी केलंय. थोडा दम धरा की.” बेळगावचा मित्र म्हणाला, “अरे, पुण्यात झालं म्हणून वाईट चित्र चांगलं होत नसतं.” शब्दाला शब्द वाढला. सीमेवरच्या माणसाला आपला म्हणजे काय हे फार लहानपणी शिकवलेले असते, आणि ते सहजी सुटत नाही. त्या चमूत देशभरातून आलेली माणसे असणार, त्यांना निपाणीची ही माया ठाऊकही नसणार, हे कोणी बोलून दाखवले नाही. आमचे मत बेळगावकराच्या बाजूला पडले. ते देताना आनंद झाला नाही. दोघे चार महिने एकमेकांशी बोलत नव्हते. तलवार कोणीच म्यान केली नाही.

खेळाची तारीख २१ जानेवारी २०२१ होती. ती १८ मार्चवर गेली, मग अनिश्चित झाली. मे २०२२ मध्ये काम पुण्या-मुंबईकडून काढून माँट्रियलकडे देण्यात आले. त्या दिवशी निपाणीच्या मित्राचा फोन आला तेव्हा तो खेळाविषयी बोललाच नाही. पावसाविषयी बोलला.

जानेवारी २०२४ मध्ये ‘द लॉस्ट क्राउन’ आला. त्याचा नायक सार्गोन नावाचा योद्धा. राजपुत्र पळवून नेलेला, आणि त्याला सोडवायचे. आमच्या मते गेल्या पंधरा वर्षांत या नावाने निघालेले हे सर्वांत सुंदर काम आहे. उडीचे ते वजन येथे परत आले. पण पाचांपैकी दोघांनी तो हाती घेतला नाही. राजपुत्र नाही, तर राजपुत्राचा खेळ कसला? त्याच वर्षी ऑक्टोबरात, खप अपेक्षेइतका न झाल्याने तो घडवणारा चमू विखुरला गेल्याची बातमी आली. आमच्या त्या दोन निष्ठावंतांनी ती वाचली आणि हळहळ व्यक्त केली. त्यांना आम्ही काय बोललो ते येथे छापण्याजोगे नाही.

जानेवारी २०२६ मध्ये ‘सँड्स ऑफ टाइम’चे नवे रूप कंपनीने कायमचे रद्द केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्ही निपाणीत जमलो. आमच्या यजमानाची दहा वर्षांची मुलगी ‘लॉस्ट क्राउन’ खेळत होती आणि आम्ही पाच जण मागे उभे होतो. तिने मान न वळवता विचारले, “काका, हा जर राजपुत्र नाही, तर ह्याला प्रिन्स कशाला म्हणतात?” दोन काकांनी एकदम दोन उत्तरे दिली. तिने दोन्ही ऐकली नाहीत, कारण तेवढ्यात सार्गोन काठाला लोंबकळला होता, आणि आम्ही सगळेच ओरडत होतो.