वहीत न मांडलेलं पाणी

माझा भाचा इंग्लंडात असतो. तिकडे सुटीच्या दिवशी लोक एका गावच्या पबपासून दुसऱ्या गावच्या पबपर्यंत पायी जातात, त्या वाटांचे नकाशेही विकत मिळतात, असं तो फोनवर सांगत होता. मला हसू आलं. आमच्या दर्यापूरकडे वाटेत दारूचा गुत्ता लागला की आई माझं मनगट धरून पावलं उचलायची. पण थांबत, घोट घेत जायची एक वाट आमचीही होती. घोट आधी पाण्याचा, मग चहाचा.

ती वाट ऋणमोचनची. पूर्णेकाठी मुद्गलेश्वराचं देऊळ आहे, पौषातल्या रविवारी यात्रा भरते. १९७२चा दुष्काळ होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि वडिलांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज बसलं होतं. गावाच्या नावातच ऋण सुटायची सोय आहे म्हटल्यावर आईला आणखी काय हवं? पौषातले सगळे रविवार पायी जायचं ती बोलली. मला बरोबर घेतलं, कारण परतताना अंधार व्हायचा.

पहाटे निघायचं. थंडीनं कान दुखायचे. दोन्हीकडे तुरी उभ्या, पऱ्हाटीवर उरलासुरला कापूस. दर्यापूर सोडता सोडता पहिलं हॉटेल लागायचं. तिथे एक चहा दोघांत, मला बशीतला. ते हॉटेल मला फारसं आठवत नाही. आठवतं ते फाट्यावरचं.

चार बल्ल्या, वर टिनं, मातीची भट्टी, एक बाकडं. आणि दाराशी वाळूत बसवलेला रांजण, त्यावर पालथा पितळी पेला. बाकड्याला टेकण्याआधीच हॉटेलवाले काकाजी ओरडायचे, “आंधी पाणी पे रे पोट्ट्या, मंग चाय!”

बाहेरच्या माणसाला यात काय विशेष वाटणार! पण पूर्णेच्या दोन्ही अंगांचा हा मुलूख म्हणजे खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर. जमीन काळीभोर, मूग-तूर-कपाशीला झकास. विहीर खणली की पाणी मात्र खारट. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, दूध घातलं की चहा फाटतो. किडनीच्या दुखण्यांनी घरंच्या घरं खचलेली मी पाहिली आहेत. शहानूर धरणाचं पाणी नळानं आलं ते पुष्कळ नंतर. तेव्हा काकाजी लांबच्या एका गोड्या विहिरीवरून बैलगाडीनं टाकी भरून आणवायचे. गाडीवाल्याला रोख द्यावे लागत.

चहाची त्यांच्याकडे वही होती. लाल कापडाची, तेलकट, दोरीला पेन्सिल बांधलेली. आमच्या पानावर आईचं नाव नव्हतं. ‘पौषवाली बाई’ असं लिहिलेलं होतं. कापूस विकला की आई पै-पैचा हिशेब करून ते पान खोडून घ्यायची. पाण्याचं मात्र त्या वहीत कुठेच काही नव्हतं. विकत आणलेलं पाणी फुकट, आणि त्याच पाण्याचा चहा उधार! असल्या हिशेबानं धंदा कसा चालत असेल हे मला आजही उमगलेलं नाही.

पुढे ऋणमोचनला राहुट्यांतली हॉटेलं असायची, आलूबोंडे, भजे, गोडीशेव. घाटावर उतरताना आई दरवेळी गाडगेबाबांना हात जोडायची. बाबांच्या वडिलांना, शेंडगावच्या झिंगराजींना, दारूनं खाल्लं. त्यांच्याच डेबूनं १९०५ साली घर सोडलं आणि पुढे इथल्या चिखलाच्या काठावर यात्रेकरूंसाठी घाट उभा केला. आई पाण्यात बुडी मारायची. मी काठावर बसून भज्यांकडे बघायचो.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी फाट्यावर पोचलो तर भट्टी थंड. गाडीचं चाक मोडल्यामुळे टाकी आलीच नव्हती. यात्रेचा दिवस, माणसांची रांग, आणि रांजणात तळाशी दोन-तीन घागरी गोडं पाणी. बाजूच्या विहिरीचं खारं पाणी होतं, पण त्याचा चहा काकाजी करणार नव्हते. एकानं सुचवलं, “रांजणातलं घ्या ना, पन्नास कप तं सहज निघतीन.”

“मंग पेतीन काय लोकं?” काकाजी म्हणाले. “आज चाय नाही. पाणी पेऊन घ्या अन् चाला.”

पेला त्यांनी स्वतःच्या हातात घेतला होता. रोज पेला भरून देणारा माणूस त्या दिवशी अर्धाच भरत होता, मागच्या माणसांकडे नजर टाकत. माझ्या वाट्याचा पेला तेवढा काठोकाठ आला. आईनं ते पाहिलं.

कर्ज फिटलं ते त्या उन्हाळ्यात एक बैल विकून. आईनं त्याचं श्रेय ऋणमोचनलाच दिलं. वडील काही बोलले नाहीत, त्यांना तो बैल आवडायचा.

पण त्याआधी, पुढच्याच रविवारी, आईनं घरच्या तुरीच्या हिरव्या शेंगांचं गाठोडं काकाजींच्या बाकड्यावर ठेवलं. “भाऊ, पाण्याचं राह्यलं होतं,” म्हणाली. काकाजींनी गाठोडं हातात तोलून पाहिलं, काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी परतलो तेव्हा भट्टीवर टोपलं चढलेलं होतं, शेंगा मीठ घालून उकडलेल्या होत्या, आणि यात्रेहून येणाऱ्या प्रत्येकाच्या ओंजळीत ते मूठमूठ टाकत होते. आमच्याही टाकल्या.

वाटेत शेंगा सोलताना आई म्हणाली, “आता याचं काय करावं माणसानं?”